घोड्याच्या पायावरचे पिवळे ठिपके

आमचे एक शिक्षकमित्र नववीच्या मुलांची सहल घेऊन उत्तरेकडच्या एका थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. परत आल्यावर त्यांनी आमच्या हातात एक पोस्टाचं पाकीट ठेवलं. आत दहाबारा तपकिरी केस होते आणि प्रत्येक केसाला एकेक पिवळसर दाणा चिकटलेला होता. मुलांना पाठीवर बसवून फिरवणाऱ्या तट्टाच्या पुढच्या पायाचे हे केस. ते दाणे पहिल्यांदा दिसले एका मुलीला. ती ओरडली, "सर, याच्या पायाला लिखा झाल्यात!" तट्टूवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दरवर्षी पावसाळा सरता सरता येतात, एक माशी चिकटवून जाते, मी ब्लेडने खरवडून टाकतो. मग जरा थांबून त्यानेच सरांना विचारलं, "खरवडूनही हिवाळ्यात घोडा सुकतोच. तुम्ही शिकलेले आहात, सांगा. औषधाला पैसे घालावेत, की हे खरवडणं पुरे?"

सरांना उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही लगेच देता आलं नसतं. ते शोधताना घोड्याच्या पायापासून निघून त्याच्या जिभेवर, तिथून जठरात, तिथून केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत आणि पुन्हा तट्टूवाल्याच्या तबेल्यात, असा आमचा प्रवास झाला. तोच इथे सांगतो आहोत.

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली केस ठेवले. दाणा म्हणजे अंडं आहे हे लगेच कळलं. लांबी एका मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. केसाच्या कडेने, त्याला समांतर, निम्म्याहून अधिक लांबीपर्यंत घट्ट डकवलेलं. मोकळ्या टोकाला एक तिरपं झाकण. नखाने सरकवून पाहिलं तर अंडं हलेना, केसच तुटला.

मुलीचा लिखांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. घोड्यालाही उवा होतात आणि त्यांच्या लिखाही केसांना अशाच चिकटलेल्या असतात. पण त्या पांढुरक्या असतात आणि कातडीजवळ, बहुधा आयाळीत नाहीतर शेपटीच्या मुळाशी सापडतात. शिवाय ऊ जन्मभर घोड्याच्या अंगावर राहते. आपल्या पाकिटातल्या अंड्याचं तसं नाही. त्याला घोड्याच्या अंगावर राहायचंच नाही, त्याला आत जायचं आहे.

आता एक प्रयोग. चिमट्यात कापसाचा बोळा धरून कोरडाच केसांवरून फिरवला. काही झालं नाही. बोळा गार पाण्यात भिजवून फिरवला. तरीही काही नाही. मग तोच बोळा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, केसांवरून चारपाच वेळा घासला आणि भिंगातून पाहिलं. तीन अंड्यांची झाकणं उघडली होती आणि बोळ्याच्या तंतूंवर तीन बारीक अळ्या वळवळत होत्या! बाकीच्यांपैकी काही अंडी आधीच उघडी, रिकामी होती. काही शेवटपर्यंत उघडली नाहीत, ती बहुधा अजून तयार व्हायची होती.

ऊब, ओलावा आणि घासणं या तीन गोष्टी एकत्र कुठे मिळतात? घोड्याच्या जिभेवर. माशीने अंडं पायाला चिकटवलं की पाचसात दिवसांत आतली अळी तयार होते, पण ती बाहेर पडत नाही, वाट पाहते. घोडा पायाला खाज आली म्हणून, किंवा सवयीने, पाय चाटतो किंवा दातांनी खाजवतो, त्या क्षणी झाकण उघडतं आणि अळी जिभेला चिकटते. घोड्याने चाटलंच नाही, तर ती कित्येक आठवडे तशीच थांबू शकते.

हा प्रयोग वर्गात करणार असाल तर एक सूचना आधीच देतो. बोटाने घासू नका. माणसाचं बोटही उबदार असतं आणि या अळीला घोड्याची जीभ आणि माणसाची कातडी यांतला फरक कळतोच असं नाही. ती कातडीत शिरून काही दिवस भटकल्याची, तिच्या वाटेवर लाल वाकडी रेघ उमटल्याची, क्वचित डोळ्यात गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. माणसात ती पुढे वाढत नाही, पण त्रास द्यायचा तो देते. तेव्हा चिमटा, हातमोजे आणि शेवटी साबण.

बिनतोंडाची माशी

या माशीला मराठीत रुळलेलं वेगळं नाव आम्हाला सापडलं नाही. 'घोडमाशी' हा शब्द आपण जनावरांना कडकडून चावणाऱ्या, रक्त पिणाऱ्या माशीसाठी वापरतो. ती निराळी. इंग्रजीत हिच्या अळीला 'बॉट' म्हणतात म्हणून आपण हिला बॉटमाशी म्हणू. शास्त्रीय नाव गॅस्टेरोफिलस. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जठरावर प्रेम करणारी'. नाव ठेवणाऱ्याने एका शब्दात सगळी हकिकत सांगून टाकली आहे.

बॉटमाशी दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब, अंगावर पिवळसर-तपकिरी लव. चटकन पाहिलं तर मधमाशीच वाटावी. ती चावत नाही, डंख मारत नाही आणि काही खातही नाही. तिच्या तोंडाचे अवयव निकामी असतात. अळी असताना साठवलेल्या चरबीवरच तिला उरलेलं आयुष्य काढायचं असतं, आणि ते असतं फार तर दोनेक आठवड्यांचं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा (यासाठी नर माश्या टेकड्यांच्या माथ्यावर जमतात!) आणि अंडी घालायची. पोटाचं टोक खाली-पुढे वळवून मादी घोड्याच्या पायाजवळ घोंगावते, झेप घेते, केसाला एक अंडं डकवते, मागे सरते, पुन्हा झेप. एक मादी अशी हजाराच्या घरात अंडी घालू शकते.

तिच्यामुळे घोड्याला दुखतखुपत नाही, तरी ती जवळ आली की घोडे बिथरतात, पाय आपटतात, पळत सुटतात. स्वार पडण्याचे प्रसंगही येतात. याच कुळातली दुसरी एक जात ओठांच्या केसांवर काळी अंडी घालते. ती आली की घोडे मान झटकतात, तोंड जमिनीला नाहीतर शेजारच्या घोड्याच्या मानेला घासतात. तिसरी जात हनुवटीखाली, जबड्यांच्या मधल्या खळग्यात अंडी घालते. हिच्या अंड्यांना चाटण्याची गरज लागत नाही. आठवड्याभरात ती आपली आपणच उघडतात आणि अळ्या केसांतून सरपटत ओठांच्या फटीतून तोंडात शिरतात.

अंडी कुठे आहेत एवढ्यावरून जात कोणती आणि तिची वाट कोणती हे असं ओळखता येतं. पुढचे पाय, खांदा, कूस इथे पिवळी अंडी दिसली तर ती चाटण्याची वाट पाहणारी. हनुवटीखाली दिसली तर वाट न पाहणारी. पहिलीला आठवड्यातून दोनतीनदा खरवडून काढलं तर फायदा आहे, कारण तोवर ती जागच्या जागी असते. दुसरीला खरवडण्यात एका आठवड्याची दिरंगाई झाली तर हाती नुसती टरफलं येतात.

दहा महिन्यांचा मुक्काम

तोंडात गेलेली अळी लगेच पोटात जात नाही. ती जिभेच्या वरच्या थरात बोगदा करून शिरते आणि तिथे तीनचार आठवडे काढते. मग कात टाकून बाहेर येते, काही काळ दाढांजवळच्या हिरड्यांच्या खाचांत राहते आणि शेवटी गिळली जाते. या दिवसांत घोडा चंदी नीट चावत नाही, लगाम घालू देत नाही. मालकाला वाटतं दात दुखत असेल. ते एका अर्थी खरंच असतं.

घोड्याच्या जठराचे दोन भाग असतात. वरचा भाग पांढरट, जाड अस्तराचा, त्यात पाचकरसाच्या ग्रंथी नसतात. खालच्या भागात त्या असतात आणि तिथे आम्ल पाझरतं. दोन्हींच्या मध्ये एक ठळक, नागमोडी कड असते. पायावरच्या अंड्यातून निघालेली अळी या कडेपाशी, पांढऱ्या भागात, तोंडाजवळचे दोन आकडे अस्तरात रुतवून लटकते. अंगावर काट्यांची कडी असतात, त्यामुळे घसरायची भीती नाही. हनुवटीखालच्या अंड्यातली अळी थोडी पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी बसते. आणि मग मुक्काम! आठ ते दहा महिने. जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर वाढत वाढत ती पाऊण-एक इंचाची, बोटाच्या पेराएवढी होते.

इथे एक प्रश्न मुलं हमखास विचारतील, आणि न विचारला तर आपण विचारायला हवा. ही अळी तिथे श्वास कसा घेते? जठरात हवा असते कुठे?

असते, पण थोडी आणि अधूनमधून. घोडा गवताचा घास गिळतो तेव्हा त्याच्याबरोबर हवेचे बुडबुडे आत जातात. अळीची श्वसनरंध्रं तिच्या मागच्या टोकाला असतात. ती डोकं रुतवून लटकते आणि मागचं टोक मोकळं ठेवते. बुडबुडा आला की त्यातला ऑक्सिजन घ्यायचा आणि पुढचा येईपर्यंत पुरवायचा. हा साठा ती ठेवते हीमोग्लोबिनमध्ये, म्हणजे आपलं रक्त ज्याने लाल दिसतं त्याच कुळातल्या पदार्थात. कीटकांत हीमोग्लोबिन फार थोड्यांना असतं. आपल्याकडे साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या लाल 'रक्तकिड्यां'ना असतं, आणि घोड्याच्या पोटातल्या या अळीला. वाढणारी अळी फोडून पाहिली तर मागच्या बाजूच्या पेशी लालभडक दिसतात.

केंब्रिजची चार रेघांची गोष्ट

१९२० नंतरच्या काळात केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन नावाचे शास्त्रज्ञ या अळीवर काम करत होते. जन्म मॉस्कोचा, शिक्षण पॅरिसचं, अभ्यास परोपजीवी माश्यांचा. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. अळीत हीमोग्लोबिन आहे, मग कोषातून बाहेर पडलेल्या माशीत त्याचं काय होतं? माशीला त्याची गरज नाही, ती तर मोकळ्या हवेत उडते.

हीमोग्लोबिन ओळखायची एक सोपी रीत आहे. पदार्थातून प्रकाश जाऊ द्यायचा आणि त्याचा वर्णपट पाहायचा. हीमोग्लोबिन प्रकाशातले ठराविक रंग शोषतं, त्यामुळे इंद्रधनुष्यी पट्ट्यात ठराविक जागी काळ्या रेघा दिसतात. सूक्ष्मदर्शकाला वर्णपट दाखवणारं उपकरण जोडून केलिन यांनी माशीच्या छातीतले, पंख हलवणारे स्नायू पाहिले. तिथे रेघा होत्या, पण हीमोग्लोबिनच्या नव्हत्या. चार रेघा, वेगळ्याच जागी.

त्यांनी दुसरे कीटक पाहिले. तिथेही त्याच चार रेघा. मग यीस्ट पाहिलं, आपण पाव फुगवायला वापरतो तेच. तिथेही त्याच! यीस्ट आणि पाणी यांचं मिश्रण हवेबरोबर जोरात हलवलं की रेघा नाहीशा होत. थोडा वेळ स्वस्थ ठेवलं की पुन्हा उमटत. म्हणजे हा पदार्थ ऑक्सिजनशी संबंध येताच बदलत होता आणि पेशीने ऑक्सिजन वापरला की मूळपदावर येत होता. १९२५ साली केलिन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पदार्थाला नाव दिलं 'सायटोक्रोम', म्हणजे पेशीतला रंग. आज जीवशास्त्राच्या पुस्तकात श्वसनाच्या धड्यात इलेक्ट्रॉनांची साखळी येते, तिच्यातले सायटोक्रोम ते हेच. आपण घेतलेला ऑक्सिजन पेशीत शेवटी कुठे खर्ची पडतो याचा धागा हाती आला तो असा, घोड्याच्या पोटातल्या किड्याचं पुढे काय होतं हे पाहताना.

या गोष्टीला एक खंतावणारी कडा आहे. केलिन यांच्या चाळीसेक वर्षं आधी चार्ल्स मॅकमन नावाच्या एका इंग्लंडमधल्या डॉक्टरने प्राण्यांच्या स्नायूंत याच प्रकारच्या रेघा पाहून लिहिलं होतं. त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांनी ते खोडून काढलं आणि मॅकमन यांचं काम बाजूला पडलं. १९११ साली ते वारले. केलिन यांनी आपल्या लेखनात त्यांचं श्रेय मोकळेपणाने दिलं, पण ते वाचायला मॅकमन नव्हते.

नुकसान किती?

आता तट्टूवाल्याकडे परत येऊ. मेलेल्या घोड्याचं पोट फाडलं की आतल्या अस्तराला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या अळ्या लगडलेल्या दिसतात. ते दृश्य पाहून पूर्वी लोकांची खात्रीच पटे की घोडा यांनीच मारला. पोट दुखून घोडा लोळायला लागला की दोष बॉटला, आणि मग त्या मराव्यात म्हणून घोड्याला काय काय पाजलं जाई! टर्पेंटाइन, तंबाखूचं पाणी, कसले कसले काढे. अळ्या चिवट, आकडे रुतवून बसलेल्या, त्यांना फारसं काही होत नसे. घोड्याला व्हायचं ते होई.

वस्तुस्थिती मधली आहे. पन्नास-शंभर अळ्या पोटात बाळगून कित्येक घोडे धडधाकट असतात, बाहेरून काही कळतही नाही. हे परोपजीवीच्या सोयीचंच आहे, कारण दहा महिने यजमान जगला तरच अळीची माशी होणार. पण शेकड्यांनी अळ्या असल्या, घोडा आधीच अर्धपोटी आणि ओझ्याखाली दमलेला असला, तर पचन बिघडतं, अस्तराला व्रण पडतात, पोटशूळ उठतो, घोडा खंगतो. क्वचित जठराला भोकही पडतं. मात्र हिवाळ्यात सुकलेल्या प्रत्येक घोड्याचं कारण बॉट असेल असं नाही. चंदी कमी पडणं, झिजलेले दात, आतड्यातले इतर जंत, यांची शक्यता आधी तपासावी. आमच्या मते तट्टूवाल्याच्या प्रश्नातला हा अर्धा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे.

कधी आणि कुणी

बॉटमाशीची वर्षाला एकच पिढी होते. उन्हाळा लागताना पूर्ण वाढलेल्या अळ्या पकड सोडतात, लिदीबरोबर बाहेर पडतात, मातीत शिरतात, तिथे कोष होतो आणि महिना-दोन महिन्यांनी माशी निघते. माश्या अंडी घालून मरतात. अंड्यातल्या अळ्या तोंडात, तोंडातून पोटात. आणि हिवाळा येतो.

भर हिवाळ्यात थंड प्रदेशातल्या बॉटमाश्या कुठे असतात याचा विचार करा. हवेत एकही माशी नाही, दव गोठायला लागलं की त्या मरतात. मातीत कोष नाहीत, ते कधीच फुटले. त्या परिसरातली बॉटमाश्यांची अख्खी पुढची पिढी त्या वेळी घोड्यांच्या, खेचरांच्या आणि गाढवांच्या पोटात असते. वर्षातला हाच एक काळ असा की ती सगळी एका जागी, आपल्याला माहीत असलेल्या पत्त्यावर आहे.

म्हणून औषधाची वेळ हिवाळ्याच्या सुरुवातीची. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात यासाठी कार्बन डायसल्फाइड जिलेटिनच्या मोठ्या कॅप्सूलमध्ये भरून उपाशी घोड्याला गिळवत. विषारी, ज्वालाग्राही द्रव तो, कॅप्सूल तोंडात फुटली तर घोड्याची धडगत नसे. पुढे फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांपैकी काही वापरात आली. १९८१ मध्ये जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन बाजारात आलं आणि चित्र पालटलं. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जिवाणूपासून निघालेल्या या औषधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वजनाच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम या मात्रेने त्याची पेस्ट तोंडातून दिली की पोटातल्याच नव्हे, तोंडातल्याही अळ्या मरतात. जंताची बाकीची अनेक औषधं, उदाहरणार्थ फेनबेंडाझोल, बॉटवर चालत नाहीत. 'जंताचं औषध दिलंय' एवढं पुरत नाही, कोणतं दिलं ते विचारावं लागतं. आणि गाईम्हशींसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून घोड्याला टोचू नये. टोचल्या जागी गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. घोड्याच्या वजनाचा अंदाज घेऊन मात्रा ठरवायचं काम पशुवैद्याचं.

औषध एवढं चांगलं, तर दोन दोन महिन्यांनी का देऊ नये? दोन कारणं. एक, घोड्याच्या पोटात बॉटशिवाय इतर जंतही असतात, आणि प्रत्येक मात्रेत त्यांतले औषधाला दाद न देणारे तेवढे निवडून मागे राहतात. २००२ मध्ये नेदरलँड्समधून शिंगरांच्या मोठ्या गोलजंतांवर या गटातली औषधं चालेनाशी झाल्याची नोंद आली आणि नंतर अनेक देशांतून येत गेली. शिंगरांना बॉटपेक्षा हे जंत जास्त घातक. दुसरं, औषधाचा बराचसा भाग लिदीवाटे बाहेर पडतो आणि लीद कुजवणाऱ्या शेणकिड्यांच्या व माश्यांच्या अळ्यांना मारतो. तेव्हा बॉटसाठी वर्षातून एक मात्रा, पण वेळेवर.

जिथे दहिवर पडत नाही तिथे काय? सपाटीवरच्या उबदार मुलखात माश्यांचा हंगाम लांबतो आणि कॅलेंडर पाहून तारीख ठरवता येत नाही. तिथे घोड्याचा पायच कॅलेंडर. रोज खरारा करताना नवी अंडी दिसतात का ते पाहायचं, आहेत ती काढायची. नवी दिसेनाशी झाली की मग मात्रा. औषध अंगात फार दिवस टिकत नाही. पायावर एक पसाभर जिवंत अंडी ठेवून औषध दिलं, तर आठवड्याभराने चाटलेल्या अळ्या सुखरूप आत जातात. खरवडण्याचं खरं महत्त्व इथे आहे. ते औषधाऐवजी करायचं काम नाही, औषधाआधी करायचं आहे.

खरवडायला बोथट दातेरी सुरी, खरखरीत दगडाचा तुकडा किंवा केस कापायची कात्री चालते. साध्या ब्रशने अंडी निघत नाहीत. दुसरा उपाय आपल्या प्रयोगातलाच. गार हवेच्या दिवशी ४० ते ४८ अंश सेल्सिअस पाण्यात फडकं भिजवून अंडी असलेला भाग दोनतीन मिनिटं चोळायचा. अंडी उघडतात, अळ्या बाहेर येतात आणि तोंड न मिळाल्याने थंडीत मरतात. हातमोजे अर्थातच घालायचे. आणि हे काम गव्हाणीपासून दूर करायचं. खरवडलेली अंडी चंदीत पडली तर माशीचं काम आपणच पूर्ण केलं असं होईल.

तट्टूवाल्याची खरी अडचण मात्र वेगळीच होती असं आम्हाला वाटतं. त्याने एकट्याने सगळं नीट केलं तरी शेजारच्या चाळीस तट्टांच्या आणि मोकळ्या सोडलेल्या म्हाताऱ्या खेचरांच्या पोटात पुढच्या वर्षीच्या माश्या वाढतच असतात. त्या माश्या मालक पाहून अंडी घालत नाहीत. एका तळावरच्या सगळ्यांनी, काम न करणाऱ्या जनावरांसकट, हिवाळ्यात एकाच आठवड्यात औषध दिलं, तर पुढच्या पावसाळ्यात पाय पाहण्यासारखे होतील. सरांनी हेच त्याला पत्राने कळवलं.

खरवडता न येणारी अंडी

सगळ्या बॉटमाश्या मात्र इतक्या सोयीच्या नसतात. चीनच्या शिनज्यांग प्रांतात कलामैली नावाचं वाळवंटी अभयारण्य आहे. प्रझेवाल्स्की घोडा, म्हणजे माणसाळलेल्या घोड्याचा रानटी भाऊबंद, १९६०च्या दशकाच्या अखेरीस निसर्गातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या घोड्यांपासून वाढवलेली प्रजा चीनने १९८५ पासून परत आणली आणि २००१ मध्ये कलामैलीत पहिला कळप मोकळा सोडला. तिथे त्यांना बॉटने गाठलं, आणि तेही अशा जातीने, जी घोड्याच्या अंगाला शिवतच नाही. ती आपली काळी अंडी गवताच्या पात्यांवर घालते. घोडा गवताबरोबर ती खातो, अळ्या तोंडात निघतात, घशाला आणि मग जठराला लटकतात. घशात दाटी झाली की गिळणंही अवघड होतं.

इथे खरवडायला पाय नाही, खरारा करणारा मोतद्दार नाही आणि घोडा हात लावू देत नाही. अंडी आहेत ती मैलोगणती पसरलेल्या गवतावर. कुरणात फवारा मारायचा तर बाकीच्या कीटकांचं काय? तिथल्या अभ्यासकांनी मग दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. हिवाळ्यात घोडे चाऱ्याच्या आशेने जवळ येतात तेव्हा औषध द्यायचं, लिदीत पडलेल्या अळ्या मोजायच्या, ओळखायच्या आणि त्यांवरून कोणत्या जाती किती आहेत याचा हिशेब ठेवायचा.

हा लिदीचा मार्ग शाळेलाही मोकळा आहे. तुमच्या जवळपास टांग्याचे, वरातीचे, ओझ्याचे घोडे, खेचरं किंवा वीटभट्टीवरची गाढवं असतील तर आधी मालकाची परवानगी घेऊन पुढचे पाय आणि हनुवटी पाहा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ताजी लीद काडीने उसकटून पाहा. जाड, आखूड, अंगावर काट्यांची कडी असलेली अळी मिळाली तर ती काचेच्या बरणीत चार बोटं ओलसर मातीवर ठेवा. एकदोन दिवसांत तिची कातडी कडक, काळपट होईल आणि महिना-दीड महिन्यात कदाचित माशी निघेल. बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं मात्र पहिल्याच दिवशी बांधा. आमच्या बरणीचं झाकण निम्मं उघडं राहिलं होतं, आणि हाती राहिला तो फुटलेला कोष.